चूकभूल द्यावी घ्यावी



गेले तीन आठवडे इथे काही लिहिले नाही म्हणून दोघा-तिघांचे फोन आले. प्रकृती उत्तम आहे, सौ.चीही. लिहिण्याचा कंटाळाही आलेला नाही. लेख केव्हाचा तयार होता, पण तो इथवर पोचवता येत नव्हता, कारण माझा पासवर्ड चुकीचा आहे असे मला सांगण्यात आले. निदान चाळीस वेळा सांगण्यात आले. आता सगळा उलगडा झाल्यावर मी जाहीरपणे सांगतो की माझा पासवर्ड बरोबर होता. चाळीस वेळा माझ्याशी खोटे बोलले गेले. आज त्याचाच समाचार घ्यायचा आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. निवृत्तीनंतर २००९ साली मी हे लिहिणे सुरू केले तेव्हा सरळ वेबपानावर जाऊन लिहीत असे. पण आमच्या मूलला कधी वीज जाते, कधी नेटवर्क जाते, आणि दोन्ही एकदम जाणे हेही नवलाचे नाही. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट, साऱ्या महाराष्ट्रात दिवे लावायला आमचा जिल्हा, आणि वाऱ्याची एक झुळूक आली की अंधारात बसायलाही आमचाच जिल्हा! असो. दोनदा अख्खा लेख असा हवेत विरल्यावर पुण्याच्या भाच्याने लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम टाकून दिला. त्यात निवांत लिहायचे, लॅपटॉपवरच साठवायचे आणि नेटवर्क आले की एक बटण दाबायचे. प्रोग्राम परस्पर सर्व्हरशी बोलून लेख चढवतो.

हे परस्पर बोलणे ज्या खिडकीतून होते तिला एपीआय म्हणतात. शाळेच्या कार्यालयाची खिडकी आठवा. आत जायचे नाही, गप्पा मारायच्या नाहीत, ठरलेल्या नमुन्यातला अर्ज सरकवायचा आणि ठरलेल्या नमुन्यातले उत्तर घ्यायचे. फरक एवढाच की इथे अर्ज देणारा माणूस नसून प्रोग्राम असतो. आपण कोणाच्या वतीने आलो हे त्याला दाखवावे लागते, आणि त्यासाठी तो आपला पासवर्ड सोबत नेतो.

मी पासवर्ड घातला. उत्तर आले, 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे.'

पुन्हा घातला. तेच. चष्मा पुसून घातला. एकेक अक्षर मोठ्याने उच्चारत घातला. तेच. मग फोनवरून वेबपान उघडले आणि तोच पासवर्ड तिथे घातला, तर दार लगेच उघडले. म्हणजे मला पासवर्ड आठवत होता. पुन्हा लॅपटॉपवर आलो, पुन्हा नकार. दुसऱ्या दिवशी दुपारभर हेच चालले. आणि संध्याकाळी काय झाले, तर फोननेही तोंड फिरवले. सकाळपर्यंत चालणारा पासवर्ड आता तिथेही चुकीचा!

इथपर्यंत गंमत होती. पुढचे सांगतो ते गमतीचे नाही.

माझ्या थोरल्या भावाला शेवटची सहा वर्षे स्मृतिभ्रंश होता. त्याची सुरुवात फार साधी झाली. घराच्या कुलपाचे आकडे तो विसरला, आणि विसरलो नाही म्हणून दिवसभर कुलपाशी भांडत बसला. आम्ही सगळे हसलो होतो. त्या संध्याकाळी फोन हातात धरून बसलो असताना मला तो ओसरीवर कुलूप घेऊन बसलेला दिसायला लागला. सूनबाई फार समजूतदार आहे. ती हळूच म्हणाली, "बाबा, आता सगळे पासवर्ड एका वहीत लिहून ठेवूया का?" तिच्या मनात काहीच नव्हते, पण माझ्या मनात होते. रात्री झोप लागेना तेव्हा मी स्वतःची परीक्षा घेतली. सातवीच्या पहिल्या तुकडीचा हजेरीपट आठवला, तीसपर्यंतचे पाढे म्हटले, सगळे आठवले. तरी भीती जाईना. कारण यंत्र सांगत होते की तू चुकतो आहेस, आणि यंत्र कशाला खोटे बोलेल?

तिसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला फोन लावला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि पहिले वाक्य असे बोलला, "मामा, तुम्ही काही विसरलेले नाही. एका ठिकाणी चालतो आणि दुसरीकडे चालत नाही, म्हणजे भानगड वाटेत आहे." मंडळी, त्या एका वाक्याने माझी दोन रात्रींची भीती उतरली. डॉक्टरने रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणावे तसे वाटले.

मग त्याने तपास सुरू केला. एक नव्हे, तीन कारणे निघाली. तिन्ही नीट सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांना यातून जावे लागणार आहे.

माझा पासवर्ड मराठीत होता, 'डोंगरदऱ्या७३'. आता बदलला आहे म्हणून सांगतो. त्र्याहत्तर साली नोकरीला लागलो त्याची आठवण. भाच्याने मला तो पासवर्ड फोनवर साध्या मजकुरात लिहून पाठवायला सांगितला, आणि लॅपटॉपवरही लिहून पाठवायला सांगितला. दोन्ही त्याने एका साधनात टाकून आतल्या खुणा मोजल्या. लॅपटॉपच्या शब्दात १२ खुणा होत्या आणि फोनच्या शब्दात १३! कागदावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. फरक होता तो आपल्या 'ऱ्या'मध्ये. हा अर्धा र, चंद्रकोरीसारखा दिसणारा, संगणकाच्या लिपीत दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि या. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण, आणि या. युनिकोडला दोन्ही रीती मान्य आहेत. माझ्या लॅपटॉपचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड पहिल्या रीतीने लिहीत होता आणि फोनचा कीबोर्ड दुसऱ्या. पासवर्ड तपासणारे यंत्र शब्द वाचत नाही, खुणा ताडून पाहते. त्यामुळे पोऱ्या, वाऱ्या, दऱ्या, साऱ्या अशा कुठल्याही शब्दावर मराठी माणूस फसू शकतो.

हे पहिले कारण. मग फोनही का रुसला? कारण लॅपटॉपवर मी जे वीस-पंचवीस प्रयत्न केले त्यांचा हिशेब सर्व्हरचा पहारेकरी ठेवत होता. फार प्रयत्न झाले की घरच्या इंटरनेट जोडणीवरून येणाऱ्या प्रत्येकाला तो तासभर दाराशी थांबवतो. फोनही त्याच घरच्या वायफायवर. चोरांसाठी केलेली ही व्यवस्था रास्त आहे. पण त्या तासात मी बरोबर पासवर्ड दिला तरी मला ऐकू काय आले? 'पासवर्ड चुकीचा आहे.' तासभर थांबा असे कोणी म्हणाले नाही. आणि थांबायचे माहीत नसलेला माणूस काय करतो? पुन्हा प्रयत्न करतो, आणि त्याचा तास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

एक तास हात आवरून धरल्यावर फोनवरच्या खुणा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये चिकटवल्या, तर दार उघडले. वाटले, जिंकलो! प्रोग्राममध्ये त्याच खुणा चिकटवल्या, तर पुन्हा नकार. इथे तिसरे कारण निघाले. प्रोग्राम पासवर्ड नेतो त्या जुन्या रीतीला बेसिक ऑथेंटिकेशन म्हणतात. युजरनेम, मग विसर्गासारखे चिन्ह, मग पासवर्ड असे जोडून त्याचे बेस चौसष्ट नावाचे रूपांतर करायचे आणि पाठवायचे. आपण लहानपणी 'च'ची भाषा बोलायचो ना, तसलाच हा प्रकार. ज्याला माहीत आहे त्याला लगेच उलगडते, त्यामुळे यात गुप्तता काहीच नाही, आणि म्हणूनच हे नेहमी एचटीटीपीएसच्या बंद पाकिटातूनच गेले पाहिजे. पण खरी खोच वेगळीच. १९९९ सालच्या या रीतीच्या नियमात इंग्रजी सोडून इतर लिपीतला पासवर्ड कसा बांधायचा हे सांगितलेलेच नव्हते! ज्याने त्याने आपल्या मनाने बांधावे. सप्टेंबर २०१५ मध्ये नवा नियम आला, त्यात सर्व्हरने 'मला यूटीएफ-८ चालेल' असे कळवण्याची सोय झाली. माझ्या प्रोग्रामला याचा पत्ता नसावा. त्याने माझी सगळी देवनागरी अक्षरे काढून त्या जागी प्रश्नचिन्हे भरली आणि प्रश्नचिन्हांची ती माळ माझा पासवर्ड म्हणून सादर केली.

म्हणजे बघा. पहिल्या कारणात दोन कीबोर्डांचे मतभेद. दुसऱ्यात पहारेकऱ्याचा नियम. तिसऱ्यात माझा पासवर्ड तिथपर्यंत पोचलाच नाही. तिन्हींत मी निर्दोष, आणि तिन्ही वेळा शिक्षा एकच, 'तुम्ही चुकलात.'

आता मुख्य तक्रारीकडे येतो. मला वाटले होते की यंत्राला कारण कळत नसेल, बिचारे काय करील. तसे नाही! भाच्याने सर्व्हरची नोंदवही वाचून दाखवली. त्यात आधीच्या नकारांपुढे ४०१ आणि नंतरच्या नकारांपुढे ४२९ असे आकडे स्पष्ट होते. वेबच्या व्यवहारात या आकड्यांना ठरलेले अर्थ आहेत. ४०१ म्हणजे तुमची ओळख पटली नाही. या उत्तरासोबत कोणत्या प्रकारचा पुरावा चालेल हे सर्व्हरने सांगितलेच पाहिजे असा नियम आहे. ४०३ म्हणजे नाकारले आहे, तेच ओळखपत्र पुन्हा दाखवून उपयोग नाही, ओळख पटली असली तरी या कामाची परवानगी नाही. ४२९ म्हणजे फार वेळा आलात, जरा थांबा. तो २०१२ सालापासून आहे, आणि किती वेळाने या हेही सोबत सांगता येते. म्हणजे ज्यांनी हे नियम लिहिले ते शहाणे होते. त्यांनी वेगवेगळ्या नकारांना वेगवेगळे आकडे दिले. खिडकीतून उत्तर बरोबर बाहेर आले. पण ते माझ्यापर्यंत आणणाऱ्या प्रोग्रामने सगळे आकडे एका पोत्यात भरले आणि पोत्यावर लिहिले, 'पासवर्ड चुकीचा.' कारण माहीत होते आणि सांगितले नाही. याला खोटे बोलणे नाही तर काय म्हणायचे?

यावर संगणकवाले एक उत्तर देतात, आणि ते अगदी फालतू नाही. ते म्हणतात, नाव बरोबर आहे पण पासवर्ड चुकला असे सांगितले तर चोराला अर्धी माहिती फुकट मिळते. म्हणून मुद्दाम मोघम सांगावे लागते. मान्य! नाव चुकले की पासवर्ड, हे सांगू नका. पण तासभर थांबा हे सांगितल्याने चोराला काय मिळते? तो तर हिशेब ठेवूनच येतो. या प्रोग्रामला मराठी अक्षरे नेता येत नाहीत, हे सांगितल्याने कोणती तिजोरी फुटते? तुमच्या लॅपटॉपचे घड्याळ चुकले आहे, तुमच्या किल्लीची मुदत संपली आहे, ही सेवा आता नुसता पासवर्ड घेत नाही, यातले कोणते गुपित आहे? शेवटची गोष्ट तर हजारोंच्या वाट्याला आली. गूगलने ३० मे २०२२ पासून नुसत्या नाव-पासवर्डावर बाहेरच्या जुन्या प्रोग्रामांना दार उघडणे थांबवले. निर्णय सुरक्षेसाठी योग्यच होता. पण पासवर्ड बरोबर असलेली किती माणसे त्यानंतर आपलाच पासवर्ड पुन्हा पुन्हा तपासत बसली असतील! सुरक्षेचे पांघरूण मोठे आहे, त्याखाली आळस सुखाने झोपतो.

माझ्यावरचा उपाय शेवटी सोपा निघाला. भाच्याने मुख्य पासवर्ड बाजूला ठेवून फक्त त्या प्रोग्रामसाठी एक वेगळी किल्ली काढून दिली. इंग्रजी अक्षरांची लांबलचक, लक्षात ठेवायची गरजच नाही. अशी सोय आता बऱ्याच ठिकाणी आहे. वर्डप्रेसने ती डिसेंबर २०२० मध्ये ५.६ या आवृत्तीत दिली. या किल्लीने वेबपानाचे मुख्य दार उघडत नाही, आणि लॅपटॉप चोरीला गेला तर तेवढी एकच किल्ली रद्द करता येते.

भाचा हे टोकन, ॲप्लिकेशन पासवर्ड वगैरे शब्दांत समजावत होता. मी म्हटले, अरे, हे तर आमच्याकडचे टीपी! जंगलपट्ट्यातल्या वाचकांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या नातलगांसाठी सांगतो. बांबू, लाकूड असा वनोपजाचा माल ट्रकातून न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, त्याला सगळे टीपीच म्हणतात. माल कोणता, किती, कुठून कुठे आणि किती दिवसांत हे त्यावर लिहिलेले असते. नाक्यावरचा माणूस ट्रकवाल्याकडे घराची किल्ली मागत नाही, टीपी बघतो. काम तेवढाच परवाना. पासवर्डापेक्षा ही पद्धत शहाणपणाची आहे आणि ती आमच्या नाक्यांवर संगणकाच्या फार आधीपासून आहे.

पण टीपीचीच एक दुसरी गोष्ट आहे, ती विसरू नये. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू त्यांचा झाला. पण विकायला निघाले तर टीपी मिळेना, कारण टीपीचे पुस्तक वनखात्याच्या हातात. हक्क आहे, पण हक्क दाखवणारा कागद नाही! २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि टीपीचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले गेले, तेव्हा तो हक्क खरा झाला. देवाजी तोफांच्या या गावाने त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. मला यातून एवढेच दिसते की ओळख आणि परवानगी पटवण्याची व्यवस्था ज्याच्या हातात, खरा हक्क त्याच्याच हातात. म्हणून ती व्यवस्था कशी नकार देते हा किरकोळ प्रश्न नाही.

माझा तर नुसता लेख अडला होता. लेख तीन आठवडे थांबला म्हणून कोणाची चूल विझली नाही. पण याच रीतीने चाललेली दुसरी एक खिडकी आहे, तिच्यासमोर आमच्या दोन्ही जिल्ह्यांतली माणसे रोज उभी असतात. मागे एकदा रेशनच्या रांगेत एक ओळखीची म्हातारी भेटली. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडणारी, मोहफुले वेचणारी, उरलेले वर्ष शेतात राबणारी बाई. मला म्हणाली, "गुर्जी, माजा आंगठा मेला म्हन्ते मशीन." हसत म्हणाली ती, पण चार हेलपाटे झाले होते. माझाही आंगठा एका नोव्हेंबरात असाच मेला होता. निवृत्तांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो ना! जिवंत माणूस समोर खुर्चीत बसलेला आणि यंत्र म्हणते, हा तो नव्हे. वर्षानुवर्षे खडू धरलेली बोटे, त्यांच्या रेघा झिजणारच.

आता गंमत पाहा. आधारच्या पडताळणीतही शेवटी एपीआयच आहे, आणि तिचे नियम छापलेले आहेत. उत्तर हो किंवा नाही असे येते आणि 'नाही' असेल तर सोबत कारणाचा आकडा येतो. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे धारकाने स्वतःच आपले ठसे कुलूपबंद केले आहेत. ४०० म्हणजे ओटीपी चुकला. ५६२ म्हणजे विनंतीवरची वेळ पुढची आहे, थोडक्यात पाठवणाऱ्या यंत्राचे घड्याळ पुढे गेले आहे! म्हणजे खिडकीच्या आत घड्याळाची चूक आणि आंगठ्याची चूक वेगळी ओळखता येते. पण ती म्हातारीपर्यंत येता येता सगळ्याचे एकच होते, 'तुझा आंगठा लागत नाही.' आणि रेंज नसेल तर खिडकीपर्यंत प्रश्नच पोचत नाही, तरी परत जाताना ती आपल्याच बोटाकडे बघत जाते.

देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार वैध ठरवले, पण पडताळणी फसली म्हणून पात्र माणसाला वंचित ठेवू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवावी, हेही त्यात आले. निवृत्तांसाठी २०२१ पासून चेहऱ्यावरून हयातीचा दाखला देण्याची सोय झाली, आणि माझे काम आता तसे होते. चांगल्याला चांगले म्हटलेच पाहिजे. पण दुसरा मार्ग आहे हे नकार देतानाच, त्याच क्षणी, त्या माणसाच्या भाषेत सांगितले गेले नाही, तर तो मार्ग असून नसल्यासारखा.

कोणी म्हणेल, गुरुजी, म्हाताऱ्यांना आणि खेड्यातल्या लोकांना संगणक शिकवला की प्रश्न मिटला. शिकवा की! मी स्वतः साठीनंतर शिकलो. पण मी वर सांगितलेल्या तीन कारणांपैकी कोणते कारण मला शिकवून गेले असते? शिकवायचेच असेल तर आधी दाराला शिकवा. दार एकच असते, त्याला शिकवणे स्वस्त पडते.

आणि आता एक कबुली, कारण दुसऱ्याला बोलताना स्वतःची पाटी कोरी असल्याचा आव आणू नये. मी नोकरीला लागलो तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा झाला नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. सुरुवातीला मी एटापल्लीच्या बाजूला होतो. वर्गात एक माडिया मुलगा होता, तरतरीत, गणितात सगळ्यांच्या पुढे. पण मराठीच्या वहीत तो नेहमी 'आई आलं', 'बहीण गेलं' असे लिहायचा. मी दर वेळी लाल शाईने फुली मारायचो. वर्षभर मारली. का चुकते हे त्याला सांगितले नाही, कारण मला ते कळलेच नव्हते आणि कळून घ्यावे असेही वाटले नाही. पुढल्या वर्षी तो शाळेत आला नाही. पुष्कळ वर्षांनी मला समजले की त्यांच्या बोलीत पुरुषांसाठी क्रियापदाचे एक रूप असते, आणि बायका, जनावरे, वस्तू या सगळ्यांसाठी मिळून दुसरे. पोरगा आपल्या घरच्या व्याकरणाने अगदी बरोबर लिहीत होता. माझ्या कीबोर्डाची रीत एक, त्याची दुसरी. मी त्याला वर्षभर सांगत राहिलो, 'तू चुकलास.' तो फक्त माझ्या फुल्यांमुळे गेला असे मी म्हणत नाही, घरच्या शंभर अडचणी असतील. पण जाताना तो काय समजून गेला असेल, ते मला त्या दोन रात्रींत कळले.

म्हणून माझे मागणे साधे आहे. नाकारण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने कारण सांगण्याचे काम अंगावर घ्यावे. जे आकडे खिडकीतून बाहेर येतात ते पोत्यात भरू नका, त्यांचा साध्या मराठीत अर्थ पडद्यावर लिहा. शक्य नसेल तर निदान आकडा तरी दाखवा, म्हणजे एखादा भाचा त्यावरून शोध घेईल. दुसरे दार कुठे आहे ते तिथेच सांगा. आणि खात्री नसेल तेव्हा 'तुम्ही चुकलात' म्हणू नका, 'आमचे जुळले नाही' म्हणा. शब्द तेवढेच लागतात.

माझ्या वयाच्या वाचकांसाठी अनुभवातून चार गोष्टी. पासवर्ड नाकारला गेला तर तीन प्रयत्नांनंतर थांबा, तासभर काही करू नका. मग तोच पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून घालून पाहा. एकीकडे चालला तर तुम्ही विसरलेला नाहीत हे नक्की समजा. पासवर्ड मराठीत असेल तर अर्धा र आणि आकडे टाळा, कारण देवनागरी आकडा आणि इंग्रजी आकडा यंत्राला वेगळे दिसतात. लॅपटॉपची तारीख-वेळ बरोबर आहे ना ते बघा. आणि प्रोग्रामला मुख्य पासवर्ड देण्यापेक्षा वेगळी किल्ली मिळते का ते विचारा, आपल्या टीपीसारखी.

आपल्याकडे पत्राच्या आणि हिशेबाच्या शेवटी 'चूकभूल द्यावी घ्यावी' असे लिहायची पद्धत आहे. मी प्रत्येक लेखाखाली लिहितो, ते तुम्ही सवयीने वाचत असाल. या वेळी मी ते लिहिताना थांबलो. केवढी न्यायाची गोष्ट आहे ती! चूक माझीही असेल, तुमचीही असेल, दोघांनी मिळून हिशेब पुन्हा पाहू, असे त्यात म्हटले आहे. या नव्या खिडक्यांवर कोणी एवढे एकच वाक्य लिहिले तरी मी समाधानी होईन.

सूनबाईने वही आणून ठेवली आहे. त्यात मी पासवर्ड लिहिलेले नाहीत, आकडे आणि त्यांचे अर्थ लिहिले आहेत. पहिल्या ओळीत ४२९, थांबा.

तुमचे अनुभव जरूर कळवा.

चू. भू. द्या. घ्या.